तीन लाख उजन्या

उजनी धरण काठोकाठ भरलं की मृतसाठा धरून त्यात साधारण ११७ टीएमसी पाणी असतं. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, कारण ‘उजनी प्लसमध्ये आली का?’ आणि ‘उजनी मायनसमध्ये गेली’ (म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर की खाली) या दोन वाक्यांवर इथलं वर्ष चालतं. ११७ टीएमसी म्हणजे सुमारे ३.३ घन किलोमीटर. घन किलोमीटर डोळ्यांसमोर येत नाही, उजनी येते. तेव्हा जगातले नावाजलेले ज्वालामुखी उजनीनेच मोजून पाहू.

इसवी सन ७९मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं. त्या उद्रेकाचा माल साधारण एका उजनीत बसेल. हवाई बेटांवरचा किलाउआ १९८३पासून २०१८पर्यंत जवळजवळ अखंड वाहत होता. पस्तीस वर्षांत त्याने ओतलेला लाव्हा सुमारे ४.४ घन किलोमीटर, म्हणजे सव्वा उजनीहून थोडा जास्त. फिलिपिन्सचा पिनाटुबो जून १९९१मध्ये फुटला, त्याच्या तीन उजन्या. क्राकाटोआच्या सहा. २७ ऑगस्ट १८८३ला झालेला त्याचा स्फोट ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफा डागल्यासारखा ऐकू आला होता आणि त्याने उठवलेल्या लाटांनी ३६ हजारांहून अधिक माणसं नेली. एप्रिल १८१५चा तंबोरा हा लिखित इतिहासातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याच्या पंचेचाळीस उजन्या. डोंगराचा माथाच त्यात गेला. चार हजार मीटरच्या वर असलेला तंबोरा आज २,८५० मीटरवर उभा आहे.

या हिशेबात एक गोम आहे. स्फोटातून उडणारी राख आणि सच्छिद्र दगड हवेने फुगलेले असतात. ते आटवून घट्ट दगड केला तर व्हेसुव्हियस, पिनाटुबो, क्राकाटोआ आणि तंबोरा यांचे आकडे निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतात. म्हणजे या मंडळींना आपण जरा उदार मापाने मोजलं.

आता मैंदर्गी. अक्कलकोटहून दुधनीकडे निघालं की लागणारं, कर्नाटकच्या सीमेलगतचं, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं नगरपरिषदेचं गाव. इथे डोंगर नाही, धूर नाही, गरम पाण्याचा झरासुद्धा नाही. नजर पोहोचेल तिथवर माळ, तूर आणि ज्वारी. पण या गावाखालचा काळा दगड ज्या उद्रेकांतून आला, त्यांचं मूळ आकारमान दहा लाख घन किलोमीटरच्या घरात धरतात, आणि हा आकडा घट्ट दगडाचा आहे, फुगलेल्या राखेचा नव्हे. भागाकार केला की उत्तर येतं तीन लाख उजन्या.

उजनी वर्षाला एकदा पूर्ण भरते असं मानलं (सोलापूरकर इथे हसतील) तर तेवढं पाणी जमायला तीन लाख वर्षं लागतील. तंबोराच्या भाषेत सांगायचं तर साडेसहा हजारांहून अधिक तंबोरा. हा सगळा दगड आजच्या महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटरवर सारखा अंथरला तर थर सव्वातीन किलोमीटर जाडीचा होईल, म्हणजे जवळपास कळसूबाईवर कळसूबाई. प्रत्यक्षात तो पसरला त्याहून खूप मोठ्या मुलखावर. आज, सहा कोटी साठ लाख वर्षांची झीज सोसून, तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर उरला आहे: महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे मोठे तुकडे. मूळ विस्तार याच्या दुप्पट-तिप्पट असावा असा अंदाज आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे पठार’ म्हणतात आणि दोन गुणांच्या प्रश्नात संपवतात. जगातल्या धोकादायक ज्वालामुखींच्या याद्या आपण मिटक्या मारत वाचतो, पण त्यांतला एकही आपल्या पायाखालच्या दगडाच्या जवळपासही पोहोचत नाही, हे त्या दोन गुणांत कुठेच येत नाही.

हा थर सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला तो प्रचंड जाड आहे; सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक चढलेले पट्टे दिसतात ते याच लाव्ह्याचे. भूवैज्ञानिकांनी या थरांना घाटांची आणि गावांचीच नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एखाद्या एसटीच्या पाटीवर शोभावी अशी ही यादी जगभरच्या शोधनिबंधांत आदराने छापली जाते. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे थर पातळ होत जातो. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला खोल छिद्रं पाडली, तेव्हा काळ्या दगडाचा तळ जागा बदलेल तसा कुठे सुमारे ९३० मीटरवर, तर कुठे १,२५० मीटरच्या आसपास लागला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. नंतर तिथेही छिद्र घेतलं, तर अवघ्या ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. (किल्लारीचा ज्वालामुखीशी संबंध नव्हता, तो त्या खालच्या जुन्या खडकातल्या भेगेचा भूकंप होता.) किल्लारी मैंदर्गीपासून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर.

दुसरं टोक रेल्वेने पाहता येतं. अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गी अशी गाडी पुढे सरकते, आणि शहाबाद आलं की काळा दगड संपून राखाडी चुनखडी सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांत, देवळांच्या ओवऱ्यांत बसवलेली शहाबादी फरशी ती हीच, लाव्ह्याहून कित्येक पटींनी जुनी. मैंदर्गी या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या पदराच्या काठाशी. तरी काठ म्हणून हलक्यात घेऊ नये. एका एकराखाली फक्त तीनशे मीटर दगड धरला तरी तो बारा लाख घनमीटरच्या वर जातो. वजन पस्तीस लाख टन. खडी-मुरमाच्या व्यवहारात बोलायचं तर सव्वाचार लाखांहून अधिक ब्रास. तीन ब्रासच्या टिपरने रोज एक खेप केली तर एका एकराखालचा दगड हलवायला जवळजवळ चारशे वर्षं लागतील, आणि रॉयल्टीची पावती फाडणारा तलाठी किती पिढ्यांचा लागेल ते वेगळंच.

मग एवढा लाव्हा ओकणारं तोंड कुठे आहे? लोक लोणारकडे बोट दाखवतात. लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उल्कापाताचं आहे; ते याच काळ्या दगडात, लाव्हा थिजून कोट्यवधी वर्षं झाल्यावर पडलं. दख्खनला शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर आणि त्यावर एक तोंड असं काही नव्हतंच. जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा वर आला. भेगांत अडकून थिजलेला दगड आज धुळे-नंदुरबार भागात सरळ भिंतींसारखा उभा दिसतो. त्यातली सर्वांत लांब भिंत ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. हा लाव्हा उसळून उडत नव्हता, पसरत होता. वरून थिजलेली साय आतली उष्णता धरून ठेवी आणि खालून प्रवाह पुढे सरके. असं करत काही प्रवाह थेट गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी, आंध्रातल्या राजमुंद्रीपर्यंत पोहोचले. सह्याद्रीपासून जवळपास एक हजार किलोमीटर! पृथ्वीवर इतका लांब गेलेला लाव्हा दुसरा माहीत नाही. सह्याद्रीहून तिकडे सरळ रेघ ओढली तर सोलापूर पहिल्या एक तृतीयांशातच येतं.

इथे सरासरी काढायचा मोह होतो, आणि सरासरी फसवते. दहा लाख घन किलोमीटर, आणि मुख्य कालावधी दहा लाख वर्षांच्या आतबाहेर. म्हणजे वर्षाला एक घन किलोमीटर, सव्वातीन वर्षांच्या आसपास एक उजनी. किलाउआच्या सुमारे आठपट वेग. मोठा खरा, पण जगबुडी म्हणावी असा नाही. प्रत्यक्षात मात्र हे काम समान हप्त्यांनी झालं नाही. एकेका मोठ्या उद्रेकात हजार घन किलोमीटर आणि त्याहून अधिक, म्हणजे तीनशे उजन्या, भूवैज्ञानिक हिशेबाने क्षणात बाहेर पडत. मग शेकडो, हजारो वर्षं सामसूम. त्या सुट्टीत दगडाची माती होई, झाडं उगवत, तळी साचत. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या अशाच एका जुन्या तळ्याच्या गाळात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले आहेत. मग पुन्हा भेग उकले आणि पुढचा थर चढे. घाटात रस्ता कापला की दोन काळ्या पट्ट्यांमध्ये विटकरी लाल रेघ दिसते, ती त्या सुट्टीची.

धोका किती, हे मात्र आकारमानावरून ठरत नाही, आणि लोकप्रिय याद्या इथेच चुकतात. १३ नोव्हेंबर १९८५ला कोलंबियातला नेवादो देल रुईझ फुटला. निघालेला माल जेमतेम एक टीएमसी, उजनीच्या कोपऱ्यात दिसणारही नाही. पण माथ्यावरचं बर्फ वितळलं, चिखलाचा लोट नदीच्या पात्रातून सत्तर किलोमीटरहून अधिक धावला आणि आर्मेरो गाव गाडून सुमारे तेवीस हजार माणसं घेऊन गेला. उद्रेक आणि लोट यांच्यामध्ये दोन-अडीच तास होते. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता. हे ज्वालामुखीने मारणं नव्हे, सरकारी दिरंगाईने मारणं. याउलट पिनाटुबो रुईझच्या शेकडोपट मोठा, पण वेळेत हजारो लोकांना हलवलं म्हणून बळींचा आकडा शेकड्यांत राहिला. मार्टिनिक बेटावरच्या माँ पेलेने ८ मे १९०२ला सेंट पियर शहरातली सुमारे अठ्ठावीस हजार माणसं काही मिनिटांत जाळली. तिथे लाव्हा नव्हे, तापलेल्या वायू-राखेचा ढग आला होता.

खरा दूरवरचा मारेकरी वायूच. त्यासाठी दख्खनच्या जवळचा, फक्त आकाराने इवलासा असा एक भाऊबंद पाहावा लागतो: आइसलँडचा लाकी. ८ जून १७८३ला तिथे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग उकलली, आठ महिने वाहत राहिली आणि साडेचार उजन्या लाव्हा बाहेर आला. स्फोट मामुली होते. पण त्यातून बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. गवत विषारी झालं, देशातली निम्मी गुरं आणि बहुतेक मेंढरं मेली, पाठोपाठ दुष्काळ आला आणि देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. एवढ्यावर ते थांबलं नाही. उत्तर गोलार्ध थंडावला आणि आफ्रिका-आशियाचा मान्सून दुबळा झाला असं हवामानशास्त्रज्ञांचं गणित सांगतं. नाईलचा पूर खालावला आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. त्याच सुमारास, महादजी शिंदे उत्तरेच्या राजकारणात गुंतलेले असताना, उत्तर हिंदुस्थानात विक्रम संवत १८४०चा ‘चालीसा’ दुष्काळ पडला. तो एकट्या लाकीने आणला असं कुणी म्हणत नाही, एल निनोचाही त्यात वाटा धरतात. पण आइसलँडमधली भेग आणि दोआबातलं कोरडं शेत यांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा लागतो, हे पटण्यासारखं आहे. तंबोरानंतर १८१६ला युरोपात उन्हाळाच आला नाही. भारतात पावसाचं वेळापत्रक बिघडलं. १८१७मध्ये बंगालात उफाळलेल्या पटकीचा संबंधही काही अभ्यासक त्याच्याशी जोडतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

आता लाकीचंच प्रमाण दख्खनच्या एका मोठ्या उद्रेकाला लावू. एक घन किलोमीटर लाव्ह्यामागे ऐंशी लाख टन वायू, तर हजार घन किलोमीटरमागे आठशे कोटी टन. पिनाटुबोने सुमारे दोन कोटी टन सोडला होता आणि तेवढ्याने पृथ्वीचं तापमान वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. आठशे कोटी म्हणजे चारशे पिनाटुबो. हा सगळा वायू एका दिवशी गेला नाही आणि सगळाच उंचावर पोहोचला नाही, म्हणून परिणामाला सरळ चारशेने गुणता येत नाही. पण असे उद्रेक एक नव्हे, अनेक झाले.

याच काळात पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती संपल्या. त्यात डायनोसॉरही गेले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्यांचे अवशेष लाव्ह्याखालच्या थरांत सापडतात. मारेकरी कोण? मेक्सिकोत पडलेला दहा किलोमीटरचा अशनी की दख्खन? बहुतेक शास्त्रज्ञ अशनीकडे झुकतात. प्रिन्स्टनच्या गर्टा केलर वर्षानुवर्षं दख्खनची बाजू लढवत आल्या आहेत. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या थरांचं वय मांडलं. प्रिन्स्टनच्या गटाला अशनी पडण्याच्या थोडं आधीच मोठा लोट सुरू झालेला दिसला. बर्कलीच्या गटाच्या मते बहुतांश लाव्हा अशनीनंतर आला. वाचकाला निकाल हवा असेल तर माझं मत असं: अशनीला फाशी द्यावी, पण दख्खनला निर्दोष सोडू नये.

राखेचं म्हणाल तर दख्खनच्या अंगावर ती बाहेरूनही येऊन पडली आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी पांढुरक्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या तोबाची, तीन हजार किलोमीटरहून लांबून उडत आलेली. त्याच थराच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारं मिळतात, त्यामुळे राख तोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच्याच आणखी जुन्या उद्रेकाची, यावर तज्ज्ञ हिरिरीने भांडतात. त्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचं माप, घट्ट दगडाच्या हिशेबाने, सुमारे साडेआठशे उजन्या.

मैंदर्गीखालचा दगड पुन्हा पेटेल का? नाही. त्याखालची भट्टी मागे राहिली आणि जमीन पुढे निघून गेली. भारत उत्तरेकडे सरकत राहिला. ती भट्टी आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, मैंदर्गीपासून सुमारे ४,८०० किलोमीटरवर. म्हणजे अंतर वाढत गेलं ते सरासरी वर्षाला सात सेंटीमीटरने. लक्षद्वीप आणि मालदीवचा पाया, मॉरिशस, ही सगळी त्या वाटेवरची पावलं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या बाजूची माणसं ऊसमळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. कोकणचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच भट्टीतला, हे त्या पहिल्या मजुरांना कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ अलीकडच्या दशकांत सरासरी वर्षातून एकदा तरी वाहतो.

इकडे त्या लाव्ह्याची काळी माती झाली. सोलापुरात पाऊस पाचसहाशे मिलिमीटरचा. तेवढ्यावर रब्बीची ज्वारी पिकते ती भारी काळ्या जमिनीने ओल धरून ठेवल्यामुळे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी याच ओलीवर वाढते. पाण्याचंही तसंच. अखंड काळा कातळ पाणी देत नाही. भोकाभोकांचा मांजऱ्या आणि थरांमधल्या फटी देतात. विहीर खणणाऱ्याला हे भूविज्ञानाच्या पुस्तकाआधी माहीत असतं.

म्हणून मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट भागातल्या शेतकऱ्यांना एक विनंती. बोअरची गाडी लागते तेव्हा आपण फक्त पाणी किती फुटांवर लागलं ते विचारतो. तांबडी माती लागली की गाडीवाला वैतागतो, केसिंगचा खर्च वाढतो. पण प्रिन्स्टनच्या गटाने दख्खनचं वय ठरवताना झिरकॉन या खनिजाचे बारीक कण अशाच तांबड्या थरांतून वेचले होते. काळा दगड कुठे लागला, मांजऱ्या कुठे, तांबडी माती किती फुटांवर आणि किती जाडीची, एवढं वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सोलापूर कार्यालयाला द्या. शेजाऱ्याची पुढची बोअर कोरडी जाण्यापासून वाचली तर तेवढ्यानेच ती वही वसूल होईल.